खुडूक कोंबडीचा रस्सा

रोंकाल्टा गावात अर्जियाचं नाक प्रसिद्ध होतं. दिसायला साधंच, थोडं आखूड, पण सदा मुरडलेलं. चर्चमधल्या बाकावर शेजारी कोण येऊन बसलंय हे ती मान न वळवता ओळखायची, आणि चेहरा असा करायची की त्या माणसाला घरी जाऊन आंघोळ करावीशी वाटावी. कुणाकडे जेवायला म्हणून ती कधी जायची नाही. एकीच्या स्वयंपाकघरात मांजर टेबलावर चढतं, दुसरीच्या फडक्याला आंबूस वास येतो, तिसरी चमचा चाटते आणि तोच पुन्हा भांड्यात घालते. गाव तिला नखरेल म्हणायचं. पण तिच्या हातचं खायला मिळणार म्हटलं की हेच गाव जिभल्या चाटत तिच्या दारात उभं राहायचं.

तिला सगळ्यात जास्त किळस यायची ती शिकाऱ्यांची, आणि नशीब असं की तिचा नवराच शिकाऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या होता.

ओलिंतो त्याचं नाव. उन्हाळ्यात लाकडं तोडायची, शरद ऋतूत चेस्टनट गोळा करायचे, आणि थंडी पडली की बंदूक खांद्यावर टाकून रानडुकरांच्या मागे डोंगर पालथा घालायचा, असा त्याचा क्रम. तसा माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. हा कशालाही हो म्हणायचा, मान डोलवायचा, आणि मग आपल्याला हवं तेच करायचा.

टोळीचा एक जुना रिवाज होता. डुक्कर मिळालं की रानातच त्याचे वाटे पडायचे आणि जो तो आपला वाटा घेऊन आपापल्या घरी जायचा. त्या दिवशी एकत्र जेवण वगैरे काही नाही. पण टोळी रिकाम्या हाताने परतली तर दोष म्होरक्याचा, कारण कुणी कुठे उभं राहायचं हे त्याने ठरवलेलं असतं. म्हणून त्या संध्याकाळी त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. जेवणही ठरलेलं: म्होरक्याच्या खुराड्यातली कोंबडी, लाल वाइनमध्ये शिजवलेली. त्याला शिकाऱ्यांचा रस्सा म्हणतात. आता त्यात शिकाऱ्यांचं काय असतं? कोंबडी बाईने वाढवलेली, टोमॅटो ऑगस्टच्या उकाड्यात बाईने उकळून बाटल्यांत भरलेले, काळे ऑलिव्ह बाईने खारवलेले. शिकाऱ्यांची त्यात फक्त भूक. पण नाव त्यांचं.

दर हिवाळ्यात चार-पाच वेळा तरी ही वरात अर्जियाच्या स्वयंपाकघरात यायची. चिखलाचे बूट दाराशी काढायचे, ओले लोकरी मोजे तिच्या चुलीवरच्या दांडीवर वाळत घालायचे, आणि मग त्या मोज्यांची वाफ आणि तिच्या रोजमेरीचा वास एकत्र व्हायचा. दुइलियो नावाचा एक गलेलठ्ठ गडी होता, टोळीतला सगळ्यात बोलघेवडा. तो सुरीच्या टोकाने नखातला मळ काढायचा आणि त्याच सुरीने सगळ्यांसाठी पाव कापायचा. ऑलिव्हच्या बिया फरशीवर थुंकायचा. रस्सा हनुवटीवरून ओघळला की बाहीला पुसायचा, आणि ती बाही मागच्या हिवाळ्यातल्या रश्शाने आधीच कडक झालेली असायची. जेवण झालं की ढेकर देऊन म्हणायचा, "अर्जिया, तुझ्यासाठी मी रोज नेम चुकवीन." सगळे हसायचे. ओलिंतोही हसायचा.

या सगळ्याकडे ती पाठ करून उभी राहायची. भांडी घासायची, तोंड धुवायची, खिडकी उघडायची. पण कोंबडीचं नुकसान खिडकी उघडून भरून येत नाही.

कोंबड्या हे अर्जियाचं एकटीचं राज्य होतं. मूल झालं नाही, त्यावर ती कधी बोलली नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण खुराड्यात ती ज्या आवाजात बोलायची तो आवाज घरात कुणी कधी ऐकला नव्हता. बाजारात मिळतात त्या नव्या जातीच्या कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण खुडूक बसत नाहीत. अंडं घालायचं आणि चालू पडायचं, मागे वळून बघायचं नाही. अर्जियाला त्यांचीही थोडी किळसच होती. तिच्याकडे खुडूक बसणारी कोंबडी आता एकच उरली होती, एक ठिपकेवाली. वसंत ऋतू आला की ती अंड्यांवर जी बसायची ती पिलं बाहेर येईपर्यंत हलायची नाही. कुणी हात घातला तर रक्त काढायची. अर्जियाचं सगळं खुराडं या एका कोंबडीच्या पोटाखालून आलं होतं. ती गेली की पुढच्या वर्षी पिलं नाहीत, आणि त्याच्या पुढच्या वर्षी खुराडंच नाही.

त्या हिवाळ्यात टोळी ख्रिसमसच्या आधीच तीन वेळा रिकामी परतली. तीन कोंबड्या गेल्या. सहा जानेवारीला, ख्रिसमसचे दिवस संपतात त्या सणाला, अर्जियाने ओलिंतोला समोर बसवलं आणि सांगितलं, आता बस. ठिपकेवाली सोडली तर उरलेल्या रोजची अंडी देणाऱ्या आहेत, त्यांना हात लागणार नाही, आणि ठिपकेवालीला तर नाहीच नाही. पुन्हा रिकामे आलात तर पाव आणि चीज खा. ओलिंतोने मान डोलावली. तिने ते पुरेसं धरलं नाही. तोंडाने म्हण, असं म्हणाली. तेव्हा तो म्हणाला, "शब्द दिला."

जानेवारीचा शेवटचा रविवार हा शिकारीच्या मोसमाचा शेवटचा दिवस. रात्रभर बर्फ पडलं होतं. दुपारी दोनच्या सुमाराला टोळी परतली ती मान खाली घालून. ओलिंतो एकटा आत आला आणि चुलीशी हात शेकत उभा राहिला. काहीच मिळालं नाही, म्हणाला. डुक्कर दरीतून निसटलं. मोसमाचा शेवटचा दिवस, पोरं थंडीने गारठलीत, त्यांना पाव आणि चीज कसं वाढू, माझं नाक कापलं जाईल.

"आणि शब्द?" अर्जियाने विचारलं.

"रिवाज आहे गं तो. मी केलाय का? म्हातारी तर झालीच आहे ती. आणि रस्सा म्हाताऱ्या कोंबडीचाच होतो, तूच म्हणतेस."

ते ती खरंच म्हणायची. कोवळ्या कोंबडीचं मांस वाइनमध्ये चिंध्या होतं. म्हातारी कोंबडी तीन तास झुंजते आणि मग रश्शाला सगळं देऊन टाकते. आपलंच वाक्य असं आपल्यावर फिरलेलं बघून तिला इतका संताप आला की तिने सुरी उचलली. अंगणात गेली. ठिपकेवालीला काखेत घेतलं. हे काम ती कधी दुसऱ्याला करू देत नसे, कारण पुरुष ते हसत हसत करतात.

मान कापली, पिसं काढली. पोट साफ केलं, काळीज बाजूला काढलं, आणि आतडी नेहमीप्रमाणे अंगणात कुत्र्यांपुढे फेकली.

कुत्री आली नाहीत.

ती बघतच राहिली. दिवसभर बर्फात धावून रिकामी परतलेली शिकारी कुत्री म्हणजे काय असतं हे तिला पुरेपूर माहीत होतं. एरवी त्यांनी आतडी हवेतच झेलली असती, एकमेकांचे कान फाडले असते. आज ती भिंतीच्या कडेला पाय पसरून पडली होती. त्यांतली एक उठली, आतडी हुंगली आणि परत जाऊन आडवी झाली. पोटं नगाऱ्यासारखी तट्ट फुगलेली.

अर्जिया आत आली. कोंबडीचे तुकडे केले, लोखंडी कढईत कोरडेच टाकले, त्यांना सुटलेलं पाणी ओतून दिलं, कारण त्या पाण्यात खुराड्याचा वास उतरतो. हात आपोआप चालत होते, डोकं मात्र अंगणात होतं. तेवढ्यात ओलिंतोची लाडकी कुत्री फालिना दार ढकलून आत आली, चुलीपुढे दोनदा गोल फिरली आणि खोल आवाज करून फरशीवर ओकली.

तो वास सांगण्यासारखा नव्हता. आंबट, गरम, रक्ताळलेला. अर्जियाने एप्रनच्या टोकाने नाक दाबलं, पण मागे सरली नाही, वाकून बघितलं. फुफ्फुसाचे गुलाबी तुकडे होते, आणि वीतभर कातडं, त्यावर काळे राठ केस. रानडुकराचे.

शिकार झाली की रानातच कुत्र्यांना डुकराची आतडी-फुफ्फुसं द्यायची, हे लहान पोरालाही माहीत असतं. माणसांनी हात धुतले होते, सुऱ्या पुसल्या होत्या, चेहरे पाडले होते. कुत्र्यांची पोटं मात्र कुणाला आठवली नव्हती.

तिने ते सगळं राखेने झाकलं, भरलं, बाहेर टाकलं, फरशी तीनदा धुतली. मग हात कोपरापर्यंत धुतले. ठिपकेवालीचं डोकं अजून परातीत होतं, डोळे अर्धे मिटलेले. आता काहीच परत होणार नव्हतं. तिने कढईत कांदा, गाजर, सेलरी, लसूण टाकला, परतला, वरून अर्धी बाटली लाल वाइन ओतली, ती आटल्यावर टोमॅटो घातले, झाकण ठेवलं, आच मंद केली. आणि डोक्याला रुमाल बांधून गल्लीपलीकडे सेत्तीमिया मावशीकडे गेली.

सेत्तीमिया मावशी आधीच्या म्होरक्याची विधवा. तिनेही आयुष्यभर कोंबड्या कापल्या होत्या. अर्जियाला वाटलं, ही तरी पेटून उठेल. तिने कुत्र्यांचं सांगितलं, ओकारीचं सांगितलं, केस सांगितले. मावशी शेगडीवर पाय शेकत सगळं ऐकत होती.

"तुला आत्ता कळलं होय?" मावशी म्हणाली.

अर्जिया उभीच राहिली.

"डुक्कर दुइलियोच्या तळघरात टांगलं असेल बघ. उद्या सकाळी वाटे घालतील. माझ्या वेळेलाही तिथेच टांगायचे, त्याच्या बापाच्या तळघरात. दरवेळी नाही गं. तीनांतून एकदा. डुकराचं मांस म्हणजे काय, चामडं. आणि आपापल्या घरी बसून बायकोचं तोंड बघत खायचं. तुझा रस्सा म्हणजे मेजवानी. रिकामे आल्याशिवाय मेजवानी नाही, मग काय, रिकामे येतात."

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? नवरा घरात होता, चार माणसं हसत होती, माझ्या हाताचं नाव होत होतं. एका कोंबडीसाठी एवढं कोण उकरत बसतं? तूही मूग गिळ. बरं असतं ते."

मावशी हसली तेव्हा तिच्या हिरड्या दिसल्या, आणि अर्जियाला तिचीही शिसारी आली. पुरुषांपेक्षा जास्त. पुरुषांनी फसवलं होतं, हिने फसवून घेऊन त्यावर साखर पेरली होती. ती बाहेर पडली. गल्लीतली बर्फाची हवा तिने दोनदा खोल ओढून घेतली, तरी तोंडातली कडवट चव गेली नाही.

मावशीच्या एका वाक्याने मात्र तिला छळलं. तुझा रस्सा म्हणजे मेजवानी. म्हणजे ही सगळी लबाडी तिच्या स्वयंपाकाच्या प्रेमापोटी होती. कुणी म्हणेल, केवढं मोठं कौतुक. अर्जियाला ते कौतुक शेंबड्या हाताने गाल कुरवाळावा तसं वाटलं.

घरी येऊन तिने रस्सा नेहमीपेक्षा जास्त जपून शिजवला. चिडून नाही, उलट. कोंबडी आता कापलीच होती, तिला निदान नीट शिजवायचं. ऑलिव्ह घातले, रोजमेरीची काडी घातली, जुनिपरच्या रानझुडपाचे चार दाणे ठेचून घातले, काळीज बारीक चिरून रश्शाला दाटपणा आणला. अंधार पडेपर्यंत मांस हाडाला जेमतेम धरून होतं आणि रस्सा काळपट लाल झाला होता. तेल कडेला आलं होतं.

सात वाजता टोळी आली. बूट निघाले, मोजे दांडीवर चढले, वाफ सुरू झाली. दुइलियोने सुरी काढली, नखं साफ केली, पाव ओढून घेतला. सगळे आधी थोडे पडेल चेहऱ्याने बसले, जसं रिकाम्या हाताच्या माणसांनी बसायला हवं तसं. ओलिंतो टेबलाच्या टोकाला, म्होरक्याच्या खुर्चीत होता.

अर्जियाने कढई आणली आणि ओलिंतोला म्हणाली, "ऊठ."

त्याला वाटलं, काही आणायला सांगतेय. तो उठला. ती त्याच्या खुर्चीत बसली, कढई स्वतःपुढे ठेवली, एक तंगडी काढून ताटलीत घेतली आणि खायला लागली.

आधी कुणाला कळलंच नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती या जेवणाला कधी बसली नव्हती; सगळे उठल्यावर उरलेली मान नाहीतर पाठ चुलीशी उभ्याने खायची, तीही मन झालं तर. दुइलियो म्हणाला, चव बघतेय वाटतं. दोघे हसले. तिने पहिली तंगडी संपवली, हाड ताटलीच्या कडेला नीट ठेवलं आणि दुसरी घेतली. तेव्हा हसणं थांबलं.

"अर्जिया," ओलिंतो हळूच म्हणाला, "लोक बसलेत."

"रिकामे परतलेत ना? मग बसू देत रिकामे." ती चावतच म्हणाली. "फालिना माझ्या फरशीवर ओकली, ओलिंतो. केसांसकट."

चुलीत लाकूड तडकलं. एकाने दांडीवरचा मोजा उगाचच काढून हातात घेतला. दुइलियोचा चेहरा मात्र लाल झाला, आणि त्याने तोंड उघडलं, कारण तो गप्प राहूच शकत नसे. म्हणाला, आम्ही काही चोरी केली नाही, तुझ्या हातच्या चवीसाठी केलं, यात राग कसला मानतेस, अभिमान मान. आणि एका कोंबडीचंच म्हणत असशील तर माझ्या बहिणीकडे खुडूक बसणारी आहे. उद्या आणून देतो.

"आणि पुढच्या जानेवारीत ती कोण खाणार?" अर्जियाने विचारलं.

दुइलियो दाराशी जाऊन बूट चढवायला वाकला. मग एकेक जण उठला. कुणी टोपी घातली, कुणी ओले मोजेच पायात चढवले. दाराशी कुजबुज झाली, थंड हवेचा लोट आत आला आणि दार लागलं. पाव तसाच राहिला, अर्धा कापलेला.

ओलिंतो भिंतीला टेकून उभा होता. आता घरात दोघंच. अर्जियाने सुरीने मांसाचा शेवटचा धागा हाडावरून सोडवला. खरं सांगायचं तर रस्सा अप्रतिम झाला होता. इतकी वर्षं ती जे दुसऱ्यांच्या हनुवटीवरून ओघळताना बघत होती, ते हे होतं. हे खाण्यासाठी माणूस खोटं बोलू शकतो हे तिला पटलं, आणि पटलं म्हणून स्वतःच्या जिभेचीही किळस वाटली.

"मागायचं होतंस," ती म्हणाली. "एकदा सरळ मागायचं."

"मागितली असती तर दिली असतीस?" ओलिंतोने विचारलं.

तिने विचार केला. ठिपकेवाली नसती दिली. दुसरी कदाचित दिली असती, कदाचित नसती. ते ठरवायचा हक्क मात्र तिचा असता. हे त्याला कसं सांगावं हे तिला कळेना, आणि सांगून कळेल असंही वाटेना. ती एवढंच म्हणाली, "शब्द दिला होतास."

तो टेबलाशी आला, बाकाच्या टोकाला बसला. त्याचे डोळे ओले होते. धुराने की कशाने, कोण जाणे. तिने ताटली बाजूला सारली आणि वाट बघितली. तिला फार काही नको होतं. चुकलो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. राग तसाही उतरत होता, आणि माणसाला शेवटी कुणाबरोबर तरी चुलीपुढे बसावंच लागतं. कढईत काळपट लाल रस्सा अजून गरम होता, त्यात ठिपकेवालीची मान आणि पाठ तेवढी उरली होती.

ओलिंतो काहीतरी बोलणार असं वाटलं. त्याने ओठ ओले केले, तिच्याकडे पाहिलं, मग कढईकडे पाहिलं. हात पुढे करून अर्धवट कापलेल्या पावाचा एक तुकडा तोडला. आणि मान खाली घालून तो रश्शात बुडवला.